कार्ड हातात आहे, पण खाट मिळेल ना?

पाचोड, आडूळ, विहामांडवा, दावरवाडी या पट्ट्यातून आलेली या वेळची पत्रे आजारपणाची आहेत, पण त्यांतली खरी धास्ती कागदांची आहे. रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, पॉलिसी, मंजुरी. बहुतेक पत्रांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. उपचार कोणता आणि कधी करायचा, हा एक. त्याचे पैसे कोण भरणार, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात, दुसऱ्याचे विमा. उत्तरे वाचताना हे दोन्ही वेगळे ठेवले तर निम्मी काळजी तिथेच कमी होईल.

शंका : वडील ६२ वर्षांचे आहेत. बांधावरून थोडं चाललं की छातीत दाटून येतं, घाम सुटतो, बसलं की कमी होतं. रेशनकार्डावर त्यांच्या नावापुढे ‘राव’ लागलंय, आधारवर नाही. पैठणला तहसीलमध्ये दुरुस्तीला टाकलं आहे. नाव दुरुस्त झालं की शहरात न्यावं म्हणतो. नाहीतर योजना मिळायची नाही आणि तेवढा पैसा आपल्याकडं नाही. तोवर थांबलं तर चालेल का?
— एक मुलगा, आडूळ

समाधान : थांबू नका. चालताना छाती दाटणे आणि बसल्यावर बरे वाटणे, हे हृदयाला रक्तपुरवठा कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. वडिलांना आजच जवळच्या सरकारी रुग्णालयात नेऊन ईसीजी (हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख) काढून घ्या आणि पुढे कुठे न्यायचे ते डॉक्टरांना विचारा. ईसीजी चांगला आला तरी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचे टाळू नका, कारण बसलेल्या माणसाच्या आलेखात हा दोष कधी कधी दिसत नाही. दुखणे बसूनही थांबत नसेल, डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत असते आणि येताना कार्ड विचारत नाही.

आता कागदाचे. नावातला असा किरकोळ फरक म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना गेली, असे नाही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेने नेमलेला मदतनीस) बसतो. इतर ओळखपत्रे दाखवून काय करता येईल, हे तोच सांगेल. रुग्ण गंभीर असेल तर रुग्णालय फोनवर कळवून तातडीची मंजुरी घेऊ शकते आणि कागद मागाहून जोडता येतात. अँजिओप्लास्टी आणि बायपास या दोन्ही गोष्टी योजनेत आहेत. तहसीलची दुरुस्ती तिच्या गतीने होऊ द्या. वडिलांना तिच्या रांगेत उभे करू नका.

शंका : आमचं पांढरं रेशनकार्ड. नावावर तीन एकर मोसंबी, तीही दोन वर्षं वाळत चाललीय. कार्ड पांढरं म्हणून आम्ही श्रीमंत ठरलो. पिवळ्या-केशरीवाल्यांनाच योजना मिळते म्हणतात. खरं का?
— एक शेतकरी, पाचोड

समाधान : पूर्वी हा नियम होता, पण तेव्हाही तुमच्यासारख्यांना त्यात वाट होती. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना सातबारा दाखवून योजना मिळत असे. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, म्हणजे आपला जिल्हाही. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना सर्व शिधापत्रिकाधारक आणि अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना खुली झाली. १ जुलै २०२४ पासून ती विस्तारित रूपात सुरू आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आणि १,३५६ उपचार, असे तिचे त्या वेळचे स्वरूप होते.

मर्यादा अख्ख्या कुटुंबाची असते, माणशी नव्हे. म्हणून कार्डात सुनेचे, नातवंडाचे नाव चढले आहे का, हे आजारपण नसतानाच पाहून ठेवा.

शंका : भावाला शहरातल्या एका दवाखान्यात भरती केलं. बाहेर योजनेचा मोठा फलक आहे. काउंटरवर म्हणाले, वीस हजार डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत देऊ. वहिनीची पोत ठेवून पैसे भरले. आता भीती वाटते, काही बोललं तर भावावर नीट उपचार करणार नाहीत. गप्प बसावं का?
— एक बहीण, विहामांडवा

समाधान : तुमची भीती समजते. भाऊ त्यांच्या खाटेवर आहे. पण विचारणे म्हणजे भांडण नव्हे. आधी भरलेल्या पैशांची छापील पावती घ्या. मग आरोग्यमित्राला भेटून तीन गोष्टी विचारा : हे रुग्णालय योजनेत आहे का, भावाला लागणारा विभाग इथे योजनेत आहे का, आणि नेमका हाच उपचार यादीत आहे का. फलक पाहून लोक पहिल्या प्रश्नावर थांबतात. अडचण बहुतेकदा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्यात निघते. एखादे रुग्णालय मूत्रविकारासाठी योजनेत असते आणि हाडांसाठी नसते.

तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर उपचार पूर्ण रोकडरहित असायला हवा. रुग्णालयाला पॅकेज (एका उपचाराचा ठरलेला एकत्रित दर) मिळते. त्यात खाट, शुश्रूषा, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञाचे शुल्क, औषधे, बसवायचे साहित्य, रुग्णाचे जेवण, एवढेच काय, घरी परतायचे एसटीचे भाडेही योजनेच्या रचनेत धरलेले आहे. त्या उपचारासाठी वेगळी रक्कम मागता येत नाही. आरोग्यमित्र भेटत नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर रुग्णालयातूनच फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मात्र एक लक्षात असू द्या : योजनेबाहेरच्या रुग्णालयात स्वतःहून उपचार घेऊन नंतर बिले लावली, तर या योजनेत पैसे परत मिळत नाहीत.

शंका : ही योजना सरकारची की कंपनीची? कधी जीवनदायी म्हणतात, कधी फुले, कधी आयुष्मान. नाव बदललं की जुनं कार्ड बाद होतं का? आणि ती विमा कंपनीच बुडाली तर ऑपरेशन अर्धवट राहील का?
— एक निवृत्त शिक्षक, दावरवाडी

समाधान : नावे बदलली, पण वाट एकच आहे. १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या गंभीर आजारांसाठी ती गरिबांना सरकारी मदत देई. २००७ मध्ये आंध्र प्रदेशाने आरोग्यश्री योजनेतून विमा कंपनीमार्फत हे काम करून दाखवले. त्याच धर्तीवर २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून तेव्हा फक्त नांदेड होते. आपल्या जिल्ह्यात ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून, उरलेल्या राज्याबरोबर आली. तेव्हा विमा नॅशनल इन्शुरन्स कंपनीकडे होता आणि संरक्षण दीड लाखाचे होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि विमा युनायटेड इंडिया इन्शुरन्सकडे आला. त्या रचनेत पहिले दीड लाख कंपनीने द्यायचे आणि आयुष्मानच्या लाभार्थ्यांसाठी त्यापुढची ५ लाखांपर्यंतची रक्कम राज्य आरोग्य हमी सोसायटीने द्यायची, अशी विभागणी होती.

कंपनीबद्दल. युनायटेड इंडिया १९३८ सालची, मुख्यालय चेन्नईत. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर १२ भारतीय कंपन्या, ४ सहकारी विमा संस्था आणि ५ परदेशी कंपन्यांचे इथले काम तिच्यात विलीन झाले. मालकी केंद्र सरकारची आहे. शिवाय या योजनेत करार तुमचा आणि कंपनीचा नसतो. तो सोसायटी आणि कंपनी यांच्यातला असतो आणि हप्ता सरकार भरते. कंपनी बदलली तरी तुमचा हक्क बदलत नाही, हे २०२० मध्ये दिसलेच.

काम चालते ते असे. आरोग्यमित्र नोंद करतो. रुग्णालय तपासण्यांसह पूर्वमान्यता (उपचाराआधी घ्यायची संमती) ऑनलाइन मागते. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था) मधले डॉक्टर कागद पाहतात. संमती आली की उपचार होतो, आणि रुग्ण घरी गेल्यावर रुग्णालय दावा लावते. पैसा रुग्णालयाला जातो. तो उशिरा मिळतो, अशी रुग्णालयांची तक्रार नेहमी असते आणि त्यापायी काही ठिकाणी रुग्ण घ्यायला टाळाटाळही होते. पण ते देणेघेणे रुग्णालय आणि कंपनी यांच्यातले आहे. मंजूर झालेला उपचार त्यासाठी अर्धवट सोडता येत नाही.

शंका : मी ३१ वर्षांची. दरवर्षी कारखान्याला तोडीला जाते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. एका डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका, पुढं कॅन्सर होईल, योजनेत बसवून देतो, एक रुपया लागणार नाही. मुकादमही म्हणतो एकदाचं उरकून घे, खाडे पडणार नाहीत. फुकट होतंय तर करून घ्यावं का?
— एक ऊसतोड कामगार

समाधान : ताई, पैसे लागणार नाहीत, हे शस्त्रक्रिया करण्याचे कारण होऊ शकत नाही. पांढरे जाणे आणि कंबरदुखी अनेकदा जंतुसंसर्गाची असते आणि ती औषधांनी बरी होते. तेवढ्यावरून पुढे कॅन्सर होईल, असे ठरत नाही. उलट या वयात गर्भाशय, आणि त्याबरोबर अंडाशय काढले गेले, तर पाळी लवकर जाण्याचे सगळे परिणाम तिशीतच सुरू होतात. हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशये अशीच काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बंधनही तिथे घातले गेले. म्हणून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात सोनोग्राफी आणि पॅप तपासणी (गर्भाशयमुखातील पेशींची चाचणी) करून घ्या. पाळीत फार रक्त जात असेल, संबंधांनंतर किंवा पाळी नसताना रक्त दिसत असेल, तर मात्र तोडीला निघण्याआधी, याच आठवड्यात दाखवा. तपासणीनंतर शस्त्रक्रिया खरेच लागली, तर योजना तेव्हाही असेल.

शंका : आईला मधुमेह आहे. कंपनीची पॉलिसी घेताना एजंट म्हणाला, फॉर्मवर ‘नाही’ लिहा, नाहीतर हप्ता वाढेल. मी सही केली. आता दीड वर्ष झालं. आईच्या पायाला जखम झालीय आणि मला झोप लागत नाही. क्लेम बाद होईल का?
— एक दुकानदार, पाचोड

समाधान : आधी पाय. मधुमेहाच्या माणसाच्या पायाची जखम साधी समजू नये. दुखत नसली तरी लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा. जखम काळी पडत असेल, वास येत असेल किंवा ताप असेल, तर आजच शल्यचिकित्सकांकडे न्या. आई योजनेत बसते का, हेही आरोग्यमित्राला विचारा. खासगी पॉलिसी आहे म्हणून सरकारी योजनेचा हक्क जात नाही.

आता पॉलिसी. माहिती लपवली गेली तर कंपनी दावा नाकारू शकते, हे खरे आहे. पण गप्प राहण्यापेक्षा आत्ताच कंपनीला लेखी कळवणे चांगले. मधुमेह केव्हापासून आहे, औषधे कोणती, हे लिहा आणि पोच घ्या. कंपनी हप्ता वाढवू शकते, अटी बदलू शकते, कधी पॉलिसी रद्दही करू शकते. तरी ऐन भरतीच्या वेळी ते कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. पूर्वव्याधी (पॉलिसीआधीपासून असलेला आजार) खरी सांगितली, तर तिच्या उपचारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षे असतो. विमा नियामक प्राधिकरणाने तो २०२४ मध्ये ४ वर्षांवरून कमी केला. सलग ५ वर्षे पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही.

दावा नाकारला गेलाच, तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा तक्रारींचा मोफत निवाडा करणारा अधिकारी) जाता येते. आपल्या भागासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात आणि वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवे.

शंका : सासूबाई ७३ वर्षांच्या. गावात एक जण आला होता. म्हातार्‍यांचं नवं कार्ड, पाचशे रुपये द्या आणि मोबाइलवर आलेला नंबर सांगा म्हणाला. दिले नाहीत तर यादीतून नाव कटेल म्हणतो.
— एक सूनबाई, बालानगर

समाधान : नाव कटत नाही. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण त्यावर मिळते. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल, तर हे संरक्षण ज्येष्ठांसाठी वेगळे असते. आधार आणि ओळख पडताळणी एवढ्यावर ते निघते, आणि त्यासाठी सरकार पैसे घेत नाही. गावच्या आशाताईंकडून किंवा सरकारी रुग्णालयातून काढून घ्या. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

मोबाइलवर आलेला आकडा दारात आलेल्या अनोळखी माणसाला सांगू नका. सांगून झाला असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेत कळवा.

शंका : आमच्या बचत गटात विषय निघाला. पूर्वी कुठेतरी गावानं ज्वारी गोळा करून दवाखान्याचा विमा केला होता म्हणे. आपण पाचोडात महिन्याला पन्नास-पन्नास रुपये टाकून असं का करू नये? सरकारी योजना उद्या बंद झाली तर?
— बचत गटातील एक ताई, पाचोड

समाधान : ऐकलेले खरे आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयाच्या आसपासच्या गावांत, डॉ. उल्हास जाजू यांनी हा प्रयोग केला. सुगीत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, आणि अचानक आलेल्या आजारात भरती व्हावे लागले तर रुग्णालयाने सांभाळायचे. आधीपासून ठाऊक असलेल्या उपचारांसाठी, उदाहरणार्थ मोतीबिंदू, रुग्णाने काही वाटा उचलायचा. गरीब घरांपैकी बहुसंख्य घरे सामील झाली तरच गाव घ्यायचे, अशी अट होती. कारण फक्त आजारी माणसेच आली तर कोणतीही विम्याची थैली आटते. पण त्या ज्वारीच्या पाठीशी एक मोठे रुग्णालय उभे होते, हे विसरून चालणार नाही.

गटाने स्वतः विमा कंपनी काढणे शक्य नाही. कायद्याने त्यासाठी किमान १०० कोटी रुपयांचे भांडवल लागते. पन्नास घरांची थैलीही एका बायपासने रिकामी होईल. मोठे आजार मोठ्या योजनेवरच सोडावेत. गटाने लहान काम घ्यावे, आणि तेच जास्त अडते : मंजुरी येईपर्यंत लागणारे गाडीभाडे, रुग्णाबरोबर राहणाऱ्याचे जेवण, बुडालेली मजुरी. यासाठी गटाच्या बचतीतून बिनव्याजी उचल ठेवता येईल. हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर वाचा आणि त्याला ‘विमा’ म्हणू नका. ती आपसातली मदत आहे.

पाचोडला असे काम नवे नाही. आशिष ग्राम रचना ट्रस्ट आणि इथली आरोग्य व्यवस्थापन संस्था यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी आरोग्यसेवा नेली आहे. तुमच्या गटाला सुरुवात करायची असेल तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीने रेशनकार्ड आणि आधार आणावे. नावे जुळतात का, नवी सून आणि लहान मूल चढले आहे का, घरात सत्तरीपुढचे कोणी आहे का, हे एका वहीत उतरवा. जिल्ह्यातल्या योजनेच्या रुग्णालयांची विभागवार यादी आरोग्यमित्राकडून घेऊन ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि दर सहा महिन्यांनी बदला. योजना उद्या कशी असेल हे गटाच्या हाती नाही. आज असलेली योजना आपल्या गावात कुणाची नावातल्या चुकीपायी हुकू नये, एवढे मात्र नक्की त्याच्या हाती आहे.